उपाशीपोटी घेतलेली गोळी : यकृतातील हायडेटिड गाठीच्या एका रुग्णाचे प्रकरण

जत तालुक्याच्या पूर्व भागातील एक मेंढपाळ ऑगस्टच्या अखेरीस मिरजेत माझ्याकडे आले, तेव्हा उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, एवढीच त्यांची तक्रार होती. वय 44, वजन 58 किलो. कावीळ नाही, ताप नाही, भूक व्यवस्थित. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या खंडात 4.6 सेंटिमीटर व्यासाची, एकाच पोकळीची, स्वच्छ द्रवाने भरलेली गाठ दिसली. तिच्या भिंतीवर दुहेरी रेषा होती आणि रुग्णाने कूस बदलली की तळाशी बसलेले बारीक कण हलत होते. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीनेही हायडेटिडला दुजोरा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ सीई-1, म्हणजे जिवंत व वाढत्या अवस्थेतील हायडेटिड गाठ ठरली. छातीचे एक्स-रे चित्र स्वच्छ होते. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही.

हा आजार होतो एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या इवल्याशा पट्टकृमीमुळे. त्याचे प्रौढ जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात व हातांवर येतात आणि ती मेंढीच्या पोटात गेली की तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठ धरते. मेलेल्या मेंढीचे ते अवयव कुत्र्याने खाल्ले की फेरा पूर्ण होतो. माणूस या फेऱ्यात अपघाताने सापडतो. मेंढ्या आणि कुत्री ज्यांच्या अंथरुणापाशी निजतात त्यांना हा धोका अधिक असतो आणि जत, आटपाडी, माण या दुष्काळी पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टराने ही गाठ नेहमी मनात ठेवायला हवी.

पाच सेंटिमीटरपेक्षा लहान सीई-1 गाठीला केवळ औषधाने प्रतिसाद मिळण्याची शक्यता चांगली असते. म्हणून मी अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. साठ किलोंपेक्षा कमी वजनाच्या माणसाला दर किलोमागे दिवसाला 15 मिलिग्रॅम, पण एकूण 800 पेक्षा जास्त नाही, असा हिशेब असतो आणि 58 किलोंना तो 800 वरच येऊन थांबतो. पूर्वी 28 दिवस गोळी आणि 14 दिवस खंड अशी पद्धत होती. आता खंड न घेता सलग औषध देण्याकडे कल आहे आणि मीही तेच केले. दर दोन आठवड्यांनी रक्तपेशींची मोजणी व यकृताच्या एन्झाइमची तपासणी करायची, हेही ठरले. चिठ्ठीवर मी औषधाचे नाव, मात्रा आणि 1-0-1 एवढे लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ लिहायला हवी होती, ती मी लिहिली नाही, आणि हे सारे प्रकरण त्या न लिहिलेल्या ओळीभोवती फिरते.

दिवाळीनंतर त्यांचा कळप नेहमीप्रमाणे कृष्णाकाठाकडे निघाला. ऊस तुटलेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य व थोडे पैसे, असा तो जुना व्यवहार आहे. रक्ताच्या तपासण्या त्यांनी वाटेवर विटा आणि कराड येथे करून घेतल्या व त्या सर्व निर्दोष होत्या. मी त्यावर समाधानी होतो. डिसेंबरमध्ये ते सोनोग्राफीसाठी मिरजेला आले, तेव्हा गाठ 4.8 सेंटिमीटर होती. भिंत तशीच, दुहेरी रेषा तशीच, आतला द्रव तसाच स्वच्छ. तीन महिने भरले होते, गोळ्यांची रिकामी पाकिटे त्यांनी दाखवली आणि ती मोजून पूर्ण होती. शल्यचिकित्सक मित्राने गाठ सुईने रिकामी करण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार सुचवला, आणि कागदावरची हकिकत पाहता तो अवाजवी नव्हता.

औषध निकामी ठरले असे लिहिण्यापूर्वी मी त्यांना एकच प्रश्न विचारला : गोळी नेमकी कधी आणि कशाबरोबर घेता? त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो. “मेंढरास्नी जंताचं औषध पाजायचं म्हंजी आदल्या रातीपासनं चारा तोडतोय आम्ही. पोट भरल्यालं असलं की औषध लागू होत न्हाई. पोरीनं गोळीवरचं नाव वाचलं, आमच्या बाटलीवर बी त्येच नाव हाय. म्हणून पहाटं उपाशीच घेतोय, आन् सांजच्याला बी जेवायच्या आधी.”

त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे मुळीच नव्हते. मेंढीच्या बाबतीत ते बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे पाहिल्याशिवाय माणसाच्या बाबतीत ते का चुकते हे नीट कळत नाही.

मेंढी रवंथ करणारे जनावर आहे. तिला पाजलेले अल्बेंडाझोल आधी रूमेन या मोठ्या कोठीत जाते, तेथे अर्धवट पचलेल्या चाऱ्याच्या कणांना चिकटते आणि त्या चाऱ्याबरोबर हळूहळू पुढे सरकते. चारा भरपूर असेल तर रूमेनमधून पुढे जाणारा प्रवाह वेगवान असतो व औषध शोषले जाण्याआधीच निघून जाते. चारा तोडला की प्रवाह मंदावतो, औषध कोठीत अधिक काळ राहते आणि त्याचा अधिक भाग रक्तात उतरतो. पशुवैद्यकात या वर्गाच्या औषधांबाबत ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. अल्बेंडाझोल आधी जनावरांसाठी वापरात आले आणि नंतर माणसांसाठी, त्यामुळे या औषधाशी मेंढपाळाची ओळख कित्येक रुग्णालयांपेक्षा जुनी आहे. माणसाला मात्र रूमेन नाही. त्याचे जठर ही एकच लहान पिशवी आहे आणि उपाशीपोटी ती लवकर रिकामी होते.

अल्बेंडाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते आतड्याच्या अस्तरातून आत जाऊ शकत नाही. पहाटे पाण्याबरोबर गिळलेली गोळी जठरातील आम्लात थोडीशी विरघळते, पुढे आतड्यात आम्ल कमी झाले की तेवढाही भाग पुन्हा कणांच्या रूपात बाहेर पडू लागतो आणि बहुतांश औषध शौचावाटे निघून जाते. रक्तात उतरणारा भाग शेकडा पाचांहूनही कमी असतो. स्निग्ध जेवणाबरोबर चित्र बदलते. तेल-तूप आतड्यात आले की पित्ताशय आकुंचन पावते, पित्तातील क्षार स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म थेंब बनवतात, पाण्याला नाकारणारे हे औषध त्या थेंबांत विरघळते आणि त्यांच्याबरोबर आतड्याच्या पेशींपर्यंत पोहोचते. शिवाय स्निग्ध अन्नामुळे जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे विरघळायला वेळही मिळतो. सुमारे 40 ग्रॅम स्निग्धांश असलेल्या जेवणाबरोबर गोळी घेतल्यास रक्तातील क्रियाशील औषधाची पातळी उपाशीपोटीच्या तुलनेत सरासरी पाचपटीपर्यंत वाढते.

येथे ‘क्रियाशील औषध’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण रुग्ण गिळतो ते आणि गाठीवर काम करते ते ही दोन निरनिराळी द्रव्ये आहेत. आतड्यातून शोषलेले अल्बेंडाझोल थेट यकृतात जाते आणि तेथील फ्लेव्हिन मोनोऑक्सिजनेज व सायटोक्रोम पी-450 या कुळांतील एन्झाइम त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडून त्याचे सल्फॉक्साइड करतात. हे इतक्या झपाट्याने होते की मूळ अल्बेंडाझोल रक्तात सापडतही नाही म्हटले तरी चालेल. बऱ्याच औषधांच्या बाबतीत यकृतातील ही पहिली फेरी म्हणजे नुकसान असते. येथे मात्र यकृतच औषध घडवते. सल्फॉक्साइडची रक्तातील पातळी गोळीनंतर 2 ते 5 तासांत शिखरावर पोहोचते, त्याचा सुमारे 70 टक्के भाग रक्तातील प्रथिनांना चिकटलेला असतो आणि 8 ते 12 तासांत पातळी निम्म्यावर येते. म्हणूनच गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. पुढे यकृत त्याच सल्फॉक्साइडला आणखी एक अणू जोडून सल्फोन बनवते. ते निष्क्रिय असते. शरीराबाहेर जाण्याचा मुख्य मार्ग पित्ताचा आहे, लघवीतून एक टक्क्याहूनही कमी सल्फॉक्साइड जाते. गाठ मुख्य पित्तनलिकेवर दाबू लागली आणि पित्त अडले, तर औषध शरीरात साचते व पातळी अनेक पटींनी चढते. काविळीच्या रुग्णात नेहमीची मात्रा नेहमीची राहत नाही ती यामुळे.

रक्तात उतरलेल्या औषधालाही अजून बरेच अंतर कापायचे असते. गाठीभोवती शरीराने बनवलेले तंतुमय कवच, त्याच्या आत कृमीने बनवलेला पापुद्र्यांचा थर आणि त्याच्याही आत, कागदाहून पातळ, नवीन अळ्या घडवणारा जिवंत थर. औषधाला पोहोचायचे असते ते या शेवटच्या थरापर्यंत. तेथे ते कृमीच्या पेशींतील ट्युब्युलिन या प्रथिनाला बांधले जाते, पेशीची आतली चौकट उभी राहू शकत नाही, ग्लुकोज आत घेणे थांबते आणि थर उपासमारीने मरतो. रक्त आणि गाठीतील द्रव यांची पातळी एकाच वेळी मोजली असता रक्तातील पातळी गाठीतल्यापेक्षा 3 ते 10 पट जास्त आढळते. म्हणजे गाठीला नेहमी उरलेसुरलेच मिळते. या रुग्णाच्या रक्तातच औषध कमी होते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

त्या दिवशी मी शस्त्रक्रियेचा विचार बाजूला ठेवला आणि जेवणाचा हिशेब मांडायला घेतला. चाळीस ग्रॅम स्निग्धांश हा आकडा परदेशी न्याहारीवरून आलेला आहे. तो भाकरीच्या जेवणात बसवता आला नाही तर त्याचा आमच्या रुग्णाला काही उपयोग नाही. बाजरीच्या किंवा ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत स्निग्धांश थोडाच असतो. शेंगदाण्यात मात्र वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते, त्यामुळे दोन मुठी शेंगदाण्यांची, म्हणजे सुमारे 50 ग्रॅमची चटणी 24 ग्रॅमच्या आसपास देते. तिच्यावर मोठा चमचाभर तेल घातले की आणखी 13-14 ग्रॅम. मेंढीचे किंवा म्हशीचे दूध पेलाभर घेतले तर वर बारा ग्रॅम तरी येतात. चाळीसचा आकडा अशा रीतीने वाड्यावरच्या, म्हणजे कळपाच्या मुक्कामावरच्याच जेवणात पूर्ण झाला, आणि त्यासाठी बाजारातून काहीही आणावे लागले नाही. नऊच्या सुमाराची न्याहारी आणि रात्री मेंढ्या कोंडल्यावरचे जेवण, या दोन्हींत सुमारे बारा तासांचे अंतर असते. हेही सोयीचे झाले. गोळी रानात विसरू नये म्हणून त्यांच्या पत्नीने ती भाकरीच्या फडक्यातच, चटणीच्या पुडीशेजारी बांधायचे ठरवले. घासाच्या मध्ये गोळी घ्यायची, आधीही नाही आणि तासाभराने नंतरही नाही. उपवास असला तरी दाण्याचा लाडू आणि दूध सोडायचे नाही. या सूचना मी मोठ्या अक्षरात लिहून दिल्या आणि मुलीकडून एकदा वाचून घेतल्या.

जानेवारीत पुढच्या भेटीला येताना, मी सांगितल्याप्रमाणे, पत्नीने घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणली. पिशवीतून फेनिटॉइन या अपस्माराच्या झटक्यांवरील औषधाची बाटली निघाली. चार वर्षांपूर्वी बांधावरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर त्यांना एक झटका आला होता, तेव्हापासून ती गोळी रोज रात्री चालू होती. ऑगस्टमध्ये मी “दुसरे काही औषध चालू आहे का” असे विचारले होते आणि ते “न्हाई” म्हणाले होते. त्यांच्या लेखी ते औषध उरलेच नव्हते, रोजच्या तंबाखूइतके ते अंगवळणी पडले होते.

फेनिटॉइन यकृतातील एन्झाइमची निर्मिती वाढवते. त्यामुळे सल्फॉक्साइडचे निष्क्रिय सल्फोनमध्ये रूपांतर वेगाने होते आणि क्रियाशील औषधाची पातळी लक्षणीय घटते. कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटल या झटक्याच्या इतर औषधांचाही परिणाम याच दिशेने होतो. ही माहिती मेंदूतील पट्टकृमीच्या अळ्यांवर उपचार करणाऱ्यांना विशेष महत्त्वाची आहे, कारण तेथे झटक्याचे औषध आणि अल्बेंडाझोल सर्रास बरोबरच चालते. अल्बेंडाझोल स्वतःही काही प्रमाणात स्वतःचा निचरा वाढवत असावे, असे चार आठवड्यांच्या उपचाराच्या उत्तरार्धात पातळी सुमारे 20 टक्क्यांनी खाली आलेली आढळल्यावरून मानले जाते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत म्हणजे आत येणारा झरा आटलेला होता आणि बाहेर जाणारे दार सताड उघडे होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी मेंदूचे नवे चित्र काढून तेथे गाठ नसल्याची खात्री केली आणि मगच हळूहळू फेनिटॉइन बंद करत लेव्हेटिरासिटॅम सुरू केले. या औषधाचा त्या एन्झाइमवर असा परिणाम होत नाही. फेनिटॉइनचा प्रभाव ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात.

या टप्प्यावर एक गोष्ट सहज नजरेआड झाली असती, म्हणून ती जरा विस्ताराने नोंदवतो. आधीच्या तीन महिन्यांत यकृताच्या तपासण्या निर्दोष आल्या होत्या, यावरून औषध त्यांना मानवते असा निष्कर्ष मी काढला होता. तो चुकीचा होता. रक्तात औषधच पुरेसे नव्हते, तेव्हा दुष्परिणाम दिसायचा कोठून? जेवण सुधारले, फेनिटॉइन गेले, आणि तीच 800 मिलिग्रॅमची मात्रा शरीराच्या दृष्टीने जवळजवळ नवी मात्रा झाली. म्हणून तपासण्यांचे वेळापत्रक आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एएलटी हे यकृताचे एन्झाइम 31 वरून 72 वर गेले. प्रयोगशाळेची वरची मर्यादा 40 होती आणि दुपटीच्या पुढे गेल्यास गोळी थांबवायची, असे ठरलेले होते. आठवड्याने ते 66 आणि पुढच्या तपासणीत 47 झाले. पांढऱ्या पेशी स्थिर राहिल्या. गोळी थांबवावी लागली नाही. तो वाढलेला आकडा पाहून मला काळजी वाटली, पण औषध आता आत पोहोचते आहे याचा तो पहिला पुरावाही होता.

फेब्रुवारीतच त्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी गावी आजीजवळ राहून सातवीत शिकते. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत तिला तीच 400 मिलिग्रॅमची गोळी चघळायला दिली होती. “तिला तेल न्हाई, दूध न्हाई, एकच गोळी. मग तिला लागू व्हनार का?” 2015 पासून 10 फेब्रुवारीच्या आसपास देशभर 1 ते 19 वर्षांच्या मुलांना ही गोळी दिली जाते, एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी. ती असते गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यासाठी, आणि हे तिन्ही कृमी आतड्याच्या पोकळीत राहतात. तेथे औषध रक्तात न उतरणे हेच उपयोगाचे ठरते. शोषले न गेलेले पंचाण्णव टक्के औषध कृमींच्या अंगावरूनच जाते आणि मुलाच्या शरीरात मात्र फारसे शिरत नाही, म्हणून इतक्या मुलांना ते सुरक्षितपणे देता येते. चघळल्याने गोळीचे बारीक कण होतात व ते सर्वत्र पसरतात. मी त्यांना म्हटले, “मुलीचा जंत आतड्यात आहे, तिची गोळी आतड्यातच राहू दे. तुमची गाठ यकृतात आहे, तुमची गोळी यकृतापर्यंत न्यायची आहे.” त्यांना हे लगेच पटले. गोळीवरचे नाव एकच असले तरी तिला जायचे कोठे आहे यावरून ती कशी घ्यायची हे ठरते, आणि शाळेतला नियम व वाड्यावरचा नियम निराळे का, याचे उत्तर औषधाच्या दुकानात सहसा कोणी देत नाही.

मेंढरांचा एक नियम मात्र माणसालाही तसाच लागू आहे, आणि तो त्यांना आधीपासून ठाऊक होता. नुकत्याच गाभण राहिलेल्या मेंढीला हे औषध पाजत नाहीत, कारण पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकते. मोठ्या मात्रेचा दीर्घ उपचार घेणाऱ्या स्त्रीलाही गर्भधारणा टाळायला सांगावे लागते. गोळ्या संपल्या तर बाटलीतले औषध चालेल का, असेही त्यांनी विचारले होते. त्याला मी स्पष्ट नकार दिला. ते द्रावण जनावराच्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असते आणि माणसासाठी त्याची तपासणी झालेली नसते.

एप्रिलच्या सोनोग्राफीत गाठ 4.1 सेंटिमीटर होती आणि आतला पापुद्रा भिंतीपासून सुटून द्रवात घडी पडून तरंगत होता. सीई-1 ची ती सीई-3ए झाली होती. जिवंत थराला इजा झाल्याची ही ओळखीची खूण आहे. जेवणामुळे किती आणि फेनिटॉइन थांबवल्यामुळे किती, हे वेगळे करता येणार नाही, कारण दोन्ही बदल महिन्याभराच्या अंतराने झाले. उपचार सुरू झाल्याला वर्ष झाले तेव्हा सप्टेंबरमध्ये गाठ 3.2 सेंटिमीटर, आत द्रव जवळजवळ नाही, घट्ट व गोंधळलेल्या पोताची, म्हणजे निष्क्रिय अवस्थेतील सीई-4. तेथे गोळी थांबवली. गाठ परत जिवंत होऊ शकते, म्हणून सोनोग्राफी चालू ठेवायची आहे.

वाड्यावरच्या तिन्ही कुत्र्यांना तालुक्याच्या पशुवैद्यकांनी प्राझिक्वान्टेल सुरू केले आहे. ते आतड्यातून चांगले शोषले जाते, पण यकृत पहिल्याच फेरीत त्याचा मोठा भाग मोडून टाकते. कुत्र्यात कृमी आतड्यातच असल्याने त्याची तेथे अडचण होत नाही. मेलेल्या मेंढीचे यकृत-फुप्फुस कुत्र्यांना न टाकता खोल पुरायचे, हे त्यांनी मान्य केले आहे. पत्नीची आणि मुलीची सोनोग्राफी निर्दोष आली. दिवाळीनंतर कळप पुन्हा कृष्णाकाठी उतरेल, त्याआधीची तपासणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली आहे. आणि माझ्या चिठ्ठीवर आता 1-0-1 च्या खाली, गाठीचा रुग्ण असेल तर, “भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तेल यांच्याबरोबर, घासाच्या मध्ये” ही ओळ असते.